उजव्या बाजूचं पाणी

१

शेवटच्या साध्या दिवशी सकाळी बाबांनी बूट घातले.

कित्येक आठवडे ते घरात सपाताच वापरत होते. पाय सुजलेले, बोटानं दाबलं तर खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. त्या दिवशी मात्र दाराजवळच्या स्टुलावर बसून त्यांनी तपकिरी बुटांच्या नाड्या बांधल्या आणि शर्यत जिंकल्यासारखं वर पाहिलं.

“बघ. गेले की नाही आत?”

“एवढा थाट कोणासाठी?” मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

“अकराला आपली पहिल्या बाकावरची येणार आहे.”

बाबांनी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. पहिल्या बाकावरची म्हणजे त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. ती पुढे छातीची डॉक्टर झाली, आमच्याच गावातल्या मोठ्या रुग्णालयात लागली, आणि बाबांच्या छातीत पाणी झालं तेव्हा स्वतः घरी येऊन त्यांना तपासू लागली. तिच्यासाठी पायात बूट, अंगात इस्त्रीचा सदरा. माझ्यासाठी बनियन चालायचं.

आई स्वयंपाकघरातून बाबांच्या सपाता फरफटत आली.

“तुम्हाला बूट झाले ना? मग ह्या मी घेते. माझ्या चपला हल्ली पायातच शिरत नाहीत.”

“वय झालं तुझं,” बाबा म्हणाले.

“माझं एकटीचंच?”

डॉक्टरीणबाई आल्या. बाबांची पाठ ठोकून, ऐकून झाल्यावर त्या त्यांच्यासमोर बसल्या. पहिल्या वेळी काढलेलं पाणी पातळ होतं, हृदय थकल्यामुळे साचलेलं. या आठवड्यात पुन्हा काढलेलं तसं नव्हतं. ते दाट होतं. उजव्या फुप्फुसाभोवतीच्या अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासावा लागेल. उद्याच.

“म्हणजे कॅन्सर,” बाबा म्हणाले.

“असं मी म्हटलं नाही, सर.”

“पण वगळलंही नाहीस. शाबास. उत्तर हातात आल्याशिवाय बोलायचं नाही.”

भीतीनं बाबांचा चेहरा उतरला होता, तरी तिला शाबासकी द्यायला ते विसरले नाहीत. मी ट्रे घेऊन उभी होते. त्यांच्या शाबासकीसाठी मी शाळेत रसायनशास्त्राशी पुष्कळ झटापट केली होती, आणि मग साहित्य घेतलं होतं, जिथे तिच्याशी तुलना होणार नाही. आता मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते.

संध्याकाळी नेहमीसारखं मी त्यांना वाचून दाखवलं. नेहमीसारखेच ते मधूनमधून उठून मोरीकडे जात राहिले. सकाळी तिच्यासमोर हेच गृहस्थ पुतळ्यासारखे बसले होते. माझ्या वाचनाला कंटाळतात, असं मी गेले बरेच दिवस धरून चालले होते.

“थांबू का?” मी विचारलं.

“वाच गं, वाच. ऐकतोय मी,” ते दारातून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात त्यांना कुशीवर झोपवलं, बरगड्यांमधून सुई घातली, तुकडा निघाला. मग त्यांना धाप लागली आणि हृदय थांबलं.

आठवड्यानं त्या तुकड्याचा निकाल आला. कॅन्सर नाही. क्षय नाही. जंतू नाहीत. अस्तर स्वच्छ होतं.

ज्या सुईनंतर बाबा गेले, ती सुई घालायची गरजच नव्हती.

२

मी रुग्णालयाच्या प्रमुखांकडे गेले. आवाज न चढवता म्हणाले, “पाणी कसलं आहे हे तुमच्या डॉक्टरांना ओळखता आलं नाही. पहिल्यांदा त्या हृदयाचं म्हणाल्या, तेच बरोबर होतं. नंतर मत बदललं आणि त्यात माझे वडील गेले.”

प्रमुखांनी ऐकून घेतलं. सोमवारी घरच्यांनी यावं, म्हणजे निर्णय करता येईल, असं ते म्हणाले. तोपर्यंत डॉक्टरीणबाईंनी रुग्ण तपासायचे नाहीत. आमचं म्हणणं खरं ठरलं तर पुढेही नाहीत.

बाहेर पडताना मला हलकं वाटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

आता पुरावा हवा होता, आणि पुरावा कुठे मिळणार हे मला ठाऊक होतं. माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, दुसऱ्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून निवृत्त झालेला. माणसाच्या पोटातलं, छातीतलं, सांध्यातलं, जिथलं म्हणून पाणी साचेल ते तपासण्यात त्याची हयात गेली. सगळे नातेवाईक त्याला पाणीमामा म्हणतात. तो जेवायला बसला की आमटीकडे ज्या नजरेनं बघतो, त्यावरून मामी अजून चिडते.

तो आला, आईजवळ थोडा वेळ बसला, मग माझ्या खोलीत येऊन त्यानं दोन्ही वेळच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे मागितले.

“आधी मला समजेल असं सांग,” मी म्हणाले.

“फुप्फुसाभोवतीचं पाणी दोन जातींचं,” मामा म्हणाला. “एक नुसतं झिरपलेलं. हृदय रक्त पुढे ढकलायला कमी पडलं की मागे दाब वाढतो आणि पाणी गाळून बाहेर येतं. प्रथिनं रक्तातच राहतात. हे पातळ. दुसरी जात, जिथे अस्तरच बिघडलंय. जंतू, क्षय, कॅन्सर, काहीही. तिथे चाळणीचीच भोकं मोठी होतात, प्रथिनंसुद्धा बाहेर पडतात. हे दाट. पहिल्यात हृदयाला औषध द्यायचं. दुसऱ्यात बिघाड शोधायचा, मग तुकडा काढणं वगैरे.”

“आणि ओळखायचं कसं? रंगावरून?”

“रंगावरून ओळखणारे पुष्कळ भेटले. रंग फसवतो. त्याच दिवशी रक्तही घ्यायचं आणि पाण्यातल्या प्रथिनांना रक्तातल्या प्रथिनांनी भागायचं. निम्म्याहून जास्त आलं तर दाट. पेशी फुटल्या की सुटणारं आणखी एक द्रव्य असतं, त्याचंही असंच बघायचं.”

त्यानं चष्मा कपाळावर सरकवून आकडे पाहिले. पहिल्या वेळचे पाहून मान हलवली. दुसऱ्या वेळच्यांवर थांबला.

“काय?” मी विचारलं.

“तुझ्या डॉक्टरीणबाईंचा भागाकार बरोबर आहे. निम्म्याच्या जरासा वर. या आकड्यांवर मीही दाटच म्हटलं असतं.”

मामानं माझ्याकडे निरखून पाहिलं.

“तोंड का पडलं तुझं?”

३

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंच्या घरी गेलो. दार तिनंच उघडलं. केस विंचरलेले नव्हते. त्या अवस्थेतही ती मला देखणी दिसली, आणि त्याचा मला राग आला.

“तुम्ही येण्याचं धाडस केलंत,” ती मला म्हणाली.

“धाडस माझं,” मामा म्हणाला. “हिला मी ओढत आणलं. बसू का?”

ती बसा म्हणाली. मामानं तिला परीक्षेत विचारावं तसं विचारलं.

“पहिल्यांदा हृदयाचं पाणी म्हणालीस. मग काय दिलंस?”

“पाणी काढायची गोळी. लघवीवाटे जादा पाणी निघून जावं म्हणून. पण सरांनी ती सुरू केली नाही. शाळेचा वर्धापनदिन होता ना, त्यात त्यांचं भाषण. म्हणाले, मधेच उठून पळावं लागतं, समारंभ झाला की घेतो.”

“आणि तू ऐकलंस?”

“सरांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.”

मला जमायचं. माझ्या नाही म्हणण्याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

“पुढे?”

“पुन्हा तपासलं तर पाणी कमी झालं होतं. गोळी न घेता. तिथेच मी चमकले. थकलेलं हृदय आपोआप कसं सुधारेल? म्हणून उरलेलं थोडं काढून पाठवलं, तर ते दाट. मग हे हृदयाचं नाही, दुसरंच काहीतरी आहे, असा अर्थ लावला. कुणीही लावला असता.”

“गोळी घेत नाहीत हे नक्की विचारलं होतंस?”

“समोर बसून विचारलं. सर म्हणाले, अजून पाकीट फोडलंही नाही.”

“तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?”

“काकू होत्या.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “आणि ह्या.”

मामानं गुडघे चोळले. उठता उठता विचारल्यासारखं त्यानं विचारलं, “पाय पाहिलेस त्यांचे, त्या सकाळी?”

ती हळू म्हणाली, “त्यांनी बूट घातले होते. नाड्या बांधून. मला वाटलं, आता ह्यांना काढायला कुठे वाकायला लावू.”

“हं,” मामा म्हणाला.

दारापर्यंत सोडायला येऊन ती मला म्हणाली, “मी रोज तो भागाकार पुन्हा करते. कुठे चुकलं ते सापडत नाही. तुम्हाला सापडलं तर मला आधी सांगाल?”

मी हो म्हटलं नाही.

४

घरी येऊन मामानं बाबांच्या पलंगाजवळचा खण उघडला. गोळ्यांचं पाकीट तिथेच होतं. बंद. कडेची पट्टीही फाटलेली नव्हती.

“हे आणलं कोणी?”

“दादानं.”

माझा भाऊ दुसऱ्या शहरात असतो, बाबा गेल्यापासून मात्र घरीच होता. त्यानं हात झटकले. “मी आणून ठेवलं आणि त्याच दिवशी परत गेलो. त्यानंतर थेट... थेट त्या दिवशीच आलो. मामा, तू मलाच काय विचारतोस? त्या बाईला विचार.”

“तिला विचारून झालं. आता घरच्यांचा नंबर. डॉक्टर फार थोडा वेळ असतो रे घरात.”

रोज सकाळी बाबांना आंघोळ घालायला आणि रक्तदाब बघायला एक सिस्टर यायच्या. मामानं त्यांना बोलावून घेतलं. त्या घुश्शातच आल्या.

“माझं काम दुपारच्या आत संपतं, साहेब. नंतरचं मला विचारू नका.”

“नंतरचं नाही विचारत. सकाळी ते किती वेळा लघवीला उठायचे?”

“सकाळी? एकदा. फार तर दोनदा. मीच मागे लागायचे, जाऊन या म्हणून.”

“आणि पाय?”

“पाय छान उतरले होते की! आंघोळीच्या वेळी मीच म्हटलं, काका, तुमचे घोटे दिसायला लागले. तर म्हणाले, कोणाला सांगू नका, बूट घालून चकित करायचंय.” त्यांचे डोळे भरून आले. मग एकदम सावरून म्हणाल्या, “सूज उतरणं चांगलंच ना? मग तुम्ही असं काय बघताय माझ्याकडे?”

त्या गेल्यावर मामा मला म्हणाला, “संध्याकाळी तू असायचीस त्यांच्याजवळ.”

“वाचून दाखवायचे.”

“तेव्हा उठायचे?”

मी कंटाळ्याची गोष्ट त्याला सांगितली. सांगताना आवाज शक्य तितका कोरडा ठेवला.

“तुझ्या वाचनाचा काही दोष नाही, वेडे,” मामा म्हणाला, आणि कागद-पेन्सिल मागितली.

५

“भागाकार झाला,” मामा म्हणाला. “आता वजाबाकी करू.”

“कशातून काय?”

“रक्तातल्या प्रथिनांतून पाण्यातली प्रथिनं वजा. नुसती दरी बघायची. अस्तर बिघडलं की दोन्हीकडची प्रथिनं जवळ येतात, दरी बुजते. पाणी हृदयाचं असेल तर दरी मोठी राहते.” त्यानं आकडा लिहून त्याखाली रेघ मारली. “आणि ही बघ. मोठीच आहे. पहिल्या वेळी होती, दुसऱ्या वेळीही आहे.”

“म्हणजे पाणी हृदयाचंच होतं! म्हणजे ती चुकली!”

“थांब. भागाकार दाट म्हणतो आणि वजाबाकी हृदय म्हणते. दोन्ही खरी. असं केव्हा होतं? तुझ्या बाबांनी वर्गात मिठाचं पाणी आटवून दाखवलं असेल.”

“आम्हाला सगळ्यांनाच.”

“पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, उरलेलं जास्त खारट होतं. छातीतही तसंच. गोळीनं पाणी निघून जातं, प्रथिनं मागे राहतात. पातळ जातीचं पाणी दाट जातीचं सोंग घेतं. हा चकवा डॉक्टरांना माहीत असतो. म्हणूनच रुग्ण गोळ्यांवर असेल तर ते वजाबाकीही करतात.”

“पण बाबा गोळ्यांवर नव्हते.”

“तिला तसं सांगण्यात आलं. म्हणून तिनं वजाबाकी केली नाही. करायला हवी होती का? माझ्यासारखा खवट म्हातारा केली असती म्हणेल. पण तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. समोर बसून विचारलं, नाही असं उत्तर आलं, बंद पाकीट खणात होतं.” त्यानं पेन्सिल ठेवली. “पाकीट बंद होतं, आणि तरी पाय उतरले, पाणी घटलं, संध्याकाळी माणूस मोरीकडे धावत होता. या घरात कोणीतरी त्यांना गोळी देत होतं. त्यांच्या नकळत.”

“त्यांनीच घेतली असेल. लपवून.”

“तुझ्या बाबांनी? आणि तिच्याशी खोटं बोलले?”

दोघांनाही ते खरं वाटेना. बाबा तिच्याशी खोटं बोलले नसते. माझ्याशी कदाचित.

“गोळीचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि काही तासांत ओसरतो,” मामा म्हणाला. “सकाळी नाही, संध्याकाळी. म्हणजे दुपारी दिलेली. सिस्टर दुपारी नसायच्या. दादा गावातच नव्हता. राहिलं कोण?”

तो माझ्याकडे बघत होता.

“तुझं ग्रंथालय दुपारी लवकर सुटतं,” तो म्हणाला. “त्या मुलीवर तुझा लहानपणापासून राग. तिचं निदान चुकावं असं या घरात कोणाला वाटत असेल, तर... तूच सांग.”

६

“मला वाटत होतं,” मी म्हणाले. “पण गोळी मी दिली नाही.”

मामानं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. तो बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला.

मी तिथेच बसून राहिले. एवढ्या रहस्यकथा मी वाचल्या आहेत की गुन्हेगार कोण हे मला अर्ध्यात कळतं, याचा मला थोडा गर्वही आहे. पण ज्या घरात आपण राहतो तिथे अशी नजर टाकायची सवय कुणाला असते? मी दुपार आठवू लागले. दुपारी झोपून उठले की बाबा कॉफी घ्यायचे. हल्ली ती कडू लागते म्हणाले होते. भुकटी बदलली असेल, असं उत्तर त्यांना आईकडून मिळालं होतं.

पण गोळ्या आल्या कुठून? पाकीट तर बंद होतं. दुकानातून आणल्या म्हणावं, तर आई गेले कित्येक दिवस घराबाहेर पडली नव्हती. चपला पायात शिरत नव्हत्या.

चपला पायात शिरत नव्हत्या.

बाबांच्या पायांना बूट होऊ लागले, आणि त्याच दिवसांत आईच्या पायांना चपला होईनाशा झाल्या. बाबांची सूज उतरली आणि आईला चढली. आईला रक्तदाब आहे, पाय सुजतात, आणि त्यासाठी गेली कित्येक वर्षं ती दुपारच्या जेवणावर एक गोळी घेते. लहान, पांढरी. पाणी काढायची.

मी व्हरांड्यात गेले. मामा रस्त्याकडे बघत होता. माझा चेहरा पाहून त्यानं डोळे मिटले.

“तुला आधीच कळलं होतं,” मी म्हणाले.

“आल्या आल्या. ताईजवळ बसलो ना, तेव्हा तिचे पाय पाहिले. सवय. मग आकडे पाहिले.” त्यानं घसा साफ केला. “तू असावीस अशी फार इच्छा होती गं मला. बहिणीपेक्षा भाची बरी.”

“आणि आता?”

“सोमवारी प्रमुखांना मी आकडे समजावून सांगणार. कोणीतरी गोळी देत होतं, एवढं त्यातून निघतंच. कोणी, ते आकड्यांत नाही. ते घरच्यांनी ठरवायचं. मी तिचा भाऊ आहे. मला विचारू नकोस.”

मी काही सांगितलं नाही, तर संशय सिस्टरवर जाणार होता किंवा हवेत विरून जाणार होता, आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरचा डाग तसाच राहणार होता. सांगितलं, तर आईला कळणार होतं की तिच्या हातच्या कॉफीनं बाबांना त्या सुईपर्यंत नेलं.

७

आई खिडकीपाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांचे सदरे. कोणाला द्यायचे ते ठरलं नव्हतं. पाय स्टुलावर, फुगलेले, चकाकणारे.

मी खाली बसले आणि तिच्या घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला.

“तुझी गोळी तू परत कधीपासून घ्यायला लागलीस?” मी विचारलं.

तिनं सदऱ्याची बाही सरळ केली. बराच वेळ करत राहिली.

“अजून नाही लागले,” ती म्हणाली. “हात जात नाही.”

“कॉफीत घालायचीस?”

“साखरेबरोबर कुटून.”

“खणात त्यांचं पाकीट होतं की.”

“ते तिनं लिहून दिलेलं.” आईनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. “मी रोज म्हणत होते, घ्या हो, घ्या, पाय बघा तुमचे. तर म्हणायचे, तुला काय कळतं त्यातलं. आणि तीच आली असती आणि ‘सर, घ्या ना’ म्हणाली असती, तर त्याच दुपारी घेतली असती. ते मला बघायचं नव्हतं. ते पाकीट फोडलं असतं तर श्रेय तिचंच. म्हटलं, माझी देते. माझ्या हातानं बरं वाटू दे. एकदा तरी.”

“तुझे पाय?”

“माझे पाय कोण बघतं?”

मी नजर वळवली. मीही पाहिले नव्हते.

“बूट झाले त्या दिवशी इतका आनंद झाला होता मला,” आई म्हणाली. “तेवढ्यात ती बसली समोर आणि म्हणाली, पाणी दाट झालंय. गोळी घेता का, सर? हे म्हणाले, नाही. तेव्हा बोलायला हवं होतं मी. शब्द ओठावर आले होते. पण वाटलं, तिचं काहीतरी चुकतंय. चुकू दे. इतकी हुशार ना? एकदा चुकू दे, ह्यांच्यासमोर.” तिनं सदरा मांडीवर गच्च दाबला. “गोळीनंच पाणी तसं होतं, हे मला कुठे ठाऊक गं? मला वाटलं, तपासतील, काही निघणार नाही, आणि ती तोंडघशी पडेल.”

तिच्या आवाजात माझाच आवाज होता. शब्दसुद्धा मी मनात वापरलेलेच.

“मी मारलं का त्यांना?” तिनं विचारलं.

“मामा म्हणतो, हृदय इतकं थकलेलं होतं की घरी खुर्चीतही थांबलं असतं. कदाचित. नक्की कोणालाच सांगता येणार नाही, आणि जो सांगेल तो खोटं बोलेल.”

“म्हणजे हो.”

“म्हणजे माहीत नाही, आई.”

तिनं स्टुलावरून पाय खाली घेतले. “सोमवारी मीही येते,” ती म्हणाली. “तुला बोलावं लागायला नको.”

८

प्रमुखांच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला प्रमुख आणि डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला आम्ही. दादा माझ्याशी बोलत नव्हता. घरची गोष्ट घरात राहू द्यायला काय झालं होतं, हा त्याचा प्रश्न होता.

मामानं आकडे मांडले. भागाकार, मग वजाबाकी. वजाबाकी पाहताच डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांना कोणी पुढचं सांगायची गरज नव्हती.

“ते गोळीवर होते,” त्या म्हणाल्या. “पण त्यांनी मला...”

“त्यांना माहीत नव्हतं,” आई म्हणाली. “मी देत होते. माझी स्वतःची. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिथेच होते आणि बोलले नाही.”

तिनं कारण सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग यायला कारण पुष्कळ होतं. तो आला, आणि त्यांनी तो गिळलेला मला दिसला.

“काकू, मी बूट काढायला लावायला हवे होते,” त्या शेवटी म्हणाल्या. “सरांना वाईट वाटेल म्हणून लावले नाहीत.”

“त्यांनी ते तुमच्यासाठीच घातले होते,” आई म्हणाली. टोमणा म्हणून नव्हे. सांगायचं म्हणून सांगितलं.

प्रमुखांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “तक्रार तुमची होती.”

“मागे घेते. निदान चुकलं नाही. माहिती अपुरी होती, आणि ती आमच्या घरात अडली होती.”

“ठीक आहे. डॉक्टर उद्यापासून कामावर येतील. तुम्हाला आणखी काही म्हणायचंय?”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. दादा खुर्ची सरकवून उठलाच होता. समोर ती बसली होती, हात टेबलावर, नजर वजाबाकीच्या कागदावर, आणि तिला काहीच परत मिळालेलं नव्हतं. काम मिळालं होतं. तेवढंच.

“आहे,” मी म्हणाले. “यांना म्हणायचंय.”

ती वर बघेपर्यंत मी थांबले.

“तुमची गाडी दाराशी थांबली ना, की बाबांना श्वास सोपा जायचा. तुम्ही पायऱ्या चढायच्या आधीच. औषध नाही, गोळी नाही, काही नाही. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकायचे. माझ्यासाठी तसं कधी झालं नाही. झालं असतं तर मला कळलं असतं, इतकं कान देऊन ऐकायचे मी. तुमच्याशिवाय त्यांचे शेवटचे महिने फार वाईट गेले असते. हे मी त्यांना म्हणाले नाही, आईला म्हणाले नाही. तुम्हाला म्हणतेय.”